गाठ भराभर वाढतेय? नुसत्या बारीक सुईच्या रिपोर्टवर थांबू नका

स्तनातली प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, बहुतेक साध्याच असतात. पण 'सार्कोमा' नावाचा कॅन्सर सुरुवातीला अगदी साध्या गाठीसारखा दिसतो. तो दुधाच्या नळ्यांत नाही, तर त्यांच्या आजूबाजूच्या मऊ भागात होतो. स्तनाच्या 100 कॅन्सरमध्ये असा एकही सापडत नाही, इतका तो दुर्मिळ आहे.

गाठ गोल, हाताला सरकणारी, बऱ्याचदा न दुखणारी असते. त्यामुळे बाया लाजेपोटी अंगावर काढतात. सोनोग्राफी, मॅमोग्राफीतही फरक कळेलच असं नाही. बारीक सुईने थोड्याच पेशी निघतात, म्हणून रिपोर्ट 'साधी गाठ' असा येऊ शकतो. तरीही गाठ काही महिन्यांतच वाढत असेल, तर डॉक्टरांना 'कोअर बायोप्सी'बद्दल विचारा. त्यात जाड सुईने तुकडा काढतात. काही वेळा पक्कं निदान पूर्ण गाठ काढून तपासल्यावरच होतं.

म्हणून ऑपरेशन कुठंही करा, काढलेली गाठ पॅथॉलॉजी लॅबला गेलीच पाहिजे. रिपोर्ट, काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या, जपून ठेवा. मुंबईच्या टाटासारख्या मोठ्या हॉस्पिटलात त्यावरूनच पुन्हा तपासणी होते.