मातीची साक्ष

उचगावाशेजारच्या कोल्हापुरात, ब्रह्मपुरीच्या टेकाडात, पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची लहानशी कांस्यमूर्ती सापडली. १९४५-४६ साली सांकलिया व दीक्षित यांनी तेथे उत्खनन करून सातवाहनकालीन वस्तीचे थर उकलले. तिकडे इंग्लंडातील अँग्लो-सॅक्सनांच्या उत्तरेकडील शेजाऱ्यांच्या भूमीत, स्वीडनमधील हेल्गो बेटावर, १९५६ साली बुद्धमूर्ती मिळाली. ती सहाव्या शतकाच्या सुमारास आपल्या उपखंडाच्या वायव्येस घडलेली! म्हणून ते लोक बौद्ध होते, की आपले पूर्वज पोसायडन पूजीत होते? असे आम्ही म्हणणार नाही. मूर्ती हस्ते परहस्ते फिरते. ती कोणत्या थरात, कशाशेजारी होती, यावरूनच तिची हकीकत जुळते. म्हणून पाया खणताना जुने खापर वा नाणे लागले, तर जागचे हलवू नये, जाणत्यास बोलवावे. थरातून उपटलेली वस्तू मुकी होते.