एका वर्षात संशोधनाची मास्टर्स: कोगनोळी नाक्याच्या दोन बाजू आणि विलायतेचा रस्ता

कागलच्या कॉलेजात बीएस्सी फिजिक्स करणारा मुलगा आणि निपाणीच्या कॉलेजात तोच विषय घेतलेली त्याची मामेबहीण. दोघांचा अभ्यासक्रम बराचसा सारखा, मध्ये फक्त कोगनोळीचा नाका. पण पदवीनंतर एका वर्षात एमएस्सी करायचं म्हटलं, तर त्याला तशी वाट आहे. तिला मात्र दोन वर्षं काढावी लागणार. हा फरक मार्कांनी पडलेला नाही, दोन राज्यांच्या धोरणांनी पडला आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रमाणे पदवी चार वर्षांची झाली, की मास्टर्स एका वर्षात होते. यूजीसीने जून २०२४ मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा आराखडा जाहीर केला. त्यात हे एक वर्ष तीन तऱ्हांनी घालवता येतं: फक्त तासिका, फक्त संशोधन किंवा दोन्ही मिळून. महाराष्ट्र आणि गोव्यात चार वर्षांची रचना सुरू आहे. मध्य प्रदेशाने ती २०२१-२२ मध्येच उचलली, त्यामुळे इंदूर-ग्वाल्हेरची मुलं या बाबतीत सगळ्यांच्या पुढे. कर्नाटकानेही त्याच वर्षी सुरुवात केली होती, पण मे २०२४ मध्ये सरकारने माघार घेतली आणि पदवी पुन्हा तीन वर्षांची केली. म्हणजे २०२४-२५ पासून बेळगाव, खानापूर, निपाणीत प्रवेश घेतलेल्यांना तीन अधिक दोन हाच हिशेब. त्याआधीच्या तीन तुकड्यांना चौथ्या वर्षाची मुभा होती.

इथे घाबरण्याआधी बेरीज करून बघावी. चार अधिक एक पाच, तीन अधिक दोनही पाचच. वर्ष कुणाचंच वाया जात नाही. फरक पडतो तो संशोधनाला हात कधी लागतो यात. पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के असतील तर महाराष्ट्र-गोव्याचा विद्यार्थी चौथ्या वर्षी ‘ऑनर्स विथ रिसर्च’ घेऊ शकतो, आणि पुढचं वर्षही प्रयोगशाळेतच काढू शकतो. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असले तर थेट पीएचडीलाही अर्ज करता येतो, तशी सोय यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत आहे. त्याच नियमांनी एम.फिल. बंद केलं. मग ७५ गाठता न आलेल्या किंवा पाच वर्षं एका विषयाला वाहून घ्यावी की नाही हे अजून ठरवता न आलेल्या मुलांसाठी संशोधनाची एक वर्षाची मास्टर्स उरते. मास्टर्सनंतर पीएचडीच्या अर्जाला ५५ टक्के लागतात.

कागदावर हे छान दिसतं. प्रवेश घेण्याआधी विभागात जाऊन दोन गोष्टी तेवढ्या विचाराव्यात: गाईड कोण आहे, आणि त्यांच्याकडे आत्ता कुठलं यंत्र चालू आहे? या प्रश्नांना सरळ उत्तर मिळालं नाही, तर तासिकांचा पर्याय घेतलेला बरा.

इंजिनिअरिंगचं गणित निराळं. बीई चार वर्षांचंच असतं, तरी एमटेक दोन वर्षांचं. संशोधनावर भर असलेल्या पदव्या आहेत: बंगळूरच्या आयआयएस्सीचं एमटेक रिसर्च, आयआयटी मद्रासचं एमएस, अगदी बेळगावच्या व्हीटीयूचंही ‘एमएस्सी इंजिनिअरिंग बाय रिसर्च’ आहे. पण यातलं काहीच एका वर्षात उरकत नाही. म्हणून बीईवाला ‘एका वर्षात रिसर्च’ म्हणतो तेव्हा त्याची नजर बहुधा ब्रिटनकडे असते.

तिथे या पदवीला एमरेस म्हणतात, म्हणजे मास्टर ऑफ रिसर्च. काही विद्यापीठांत तीच ‘एमएस्सी बाय रिसर्च’ असते, तर केंब्रिजसारख्या ठिकाणी एम.फिल. नेहमीची एमएस्सी आणि एमरेस दोन्ही १८० क्रेडिटच्या. नेहमीच्या एमएस्सीत साधारण १२० क्रेडिट वर्गातले आणि ६० प्रबंधाचे असतात, एमरेसमध्ये हे पारडं उलटं झुकतं. तिथली पदवीच मुळात तीन वर्षांची असल्यामुळे निपाणीची तीन वर्षांची बीएस्सी पुष्कळ ठिकाणी चालते. जो रस्ता घराजवळ बंद, तो सातासमुद्रापार उघडा, असा हा प्रकार.

पण बारा महिने म्हणजे किती, हे प्रयोगशाळेत गेल्यावर कळतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरुवात झाली की पहिले आठवडे सुरक्षिततेच्या प्रशिक्षणात जातात: लेझरचं वेगळं, क्लीनरूमचं वेगळं, द्रवरूप हेलियमचं वेगळं. हेलियम द्रवरूपात राहतं ते उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास, तिथे कुणी नवख्याला हात लावू देत नाही. मग यंत्राचा नंबर लावायचा. नंबर आला की निर्वात कक्षात कुठेतरी बारीक गळती निघते आणि ती शोधण्यात पंधरा दिवस जातात. शेवटचे दोन-तीन महिने प्रबंध लिहिण्यात जाणारच. प्रत्यक्ष मोजमापाला सहा महिने मिळाले तरी नशीब म्हणायचं. त्यामुळे ‘आपण नवीन सेटअप उभारू’ असं म्हणणारा प्रोजेक्ट कितीही आकर्षक वाटला तरी एका वर्षासाठी तो धोक्याचा. चालू यंत्रावर नवा नमुना मोजायचा असेल तर ठीक. संगणकावरची सिम्युलेशन सर्वांत सुरक्षित, कारण कोड पहिल्या आठवड्यापासून चालवता येतो आणि बिघडला तरी सुटा भाग परदेशातून मागवावा लागत नाही. प्रोफेसरना ईमेल करतानाच हे विचारलं तर कुणी वाईट वाटून घेत नाही.

कागदपत्रांत भारतीयांना अडवणारी एक गोष्ट म्हणजे एटास. भौतिकशास्त्र, मटेरियल्स आणि इंजिनिअरिंगच्या बऱ्याच पदव्युत्तर कोर्सना व्हिसाआधी ब्रिटिश परराष्ट्र खात्याचं हे प्रमाणपत्र लागतं. फी नाही, पण वेळ लागतो, आणि उन्हाळ्यात गर्दी होते. ऑफर आली की लगेच अर्ज टाकावा. व्हिसासोबत आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड. जानेवारी २०२४ पासून वर्गातल्या एमएस्सीला नवरा-बायको किंवा मुलांना सोबत नेता येत नाही. संशोधनाच्या पदवीला नेता येतं, पण संशोधनाचा वाटा शिकवण्याच्या वाट्यापेक्षा मोठा हवा. नावात ‘रिसर्च’ असून भागत नाही. शिक्षणानंतर नोकरी शोधायला मिळणारी दोन वर्षंही आटत आहेत. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना १८ महिनेच मिळतील.

परत आल्यावर काय? पूर्वी ब्रिटनची एक वर्षाची मास्टर्स इथे ‘अर्धी’ समजली जायची. जुलै २०२२ मध्ये भारत-ब्रिटन करार झाला आणि ती भारतीय मास्टर्सच्या बरोबरीची मानली गेली. मात्र त्या करारातून इंजिनिअरिंग, वैद्यकीय, कायदा, आर्किटेक्चर असे व्यावसायिक विषय वगळले आहेत. फिजिक्सवाल्याचं काम त्यामुळे सोपं झालं. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचं स्वप्न असणाऱ्याने मात्र जाण्याआधीच समकक्षतेचं नीट विचारून घ्यावं. फिजिक्सच्या प्राध्यापकीसाठी नेट किंवा सेट लागतेच, आणि कर्नाटकाची के-सेट कोल्हापुरात चालत नाही. महाराष्ट्राची सेट गोव्यात चालते, बेळगावात नाही. सीमेवरच्या मुलाने नेटचाच अभ्यास करावा हे उत्तम.

पैशाच्या बाबतीतही नाका आडवा येतो. महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या मुलांना मिळते, पण रहिवासी महाराष्ट्राचा हवा. घरात मराठी बोलतात एवढ्याने बेळगावकराला ती मिळत नाही, त्याने कर्नाटकाच्या समाजकल्याण खात्याची योजना बघावी. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप मात्र राज्य विचारत नाही. अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी ती आहे, कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. जे. एन. टाटा एंडोमेंटचं कर्जरूपी साहाय्य १८९२ पासून चालू आहे, तिथेही कुठल्या राज्यातले हा प्रश्न येत नाही. बाकीच्यांना बँकेचं शैक्षणिक कर्ज. एमरेसला पीएचडीसारखा स्टायपेंड क्वचितच मिळतो, हे कर्जाच्या फॉर्मवर वडिलांची सही घेण्याआधी घरात सांगून टाकावं.