पिस्तुलाची नवी पिढी : सुधारणा किती, बदल किती?

जानेवारी २०१३ मध्ये ब्रिटनच्या संरक्षण खात्याने आपल्या सैनिकांच्या कमरेला असणारे पिस्तूल बदलण्याचा निर्णय जाहीर केला. चाळीस वर्षांहून अधिक काळ सेवेत असलेले ब्राउनिंग पिस्तूल निवृत्त झाले आणि त्याची जागा ऑस्ट्रियन बनावटीच्या ग्लॉक १७ या पिस्तुलाने घेतली; तेही त्याच्या चौथ्या पिढीतील. भारतीय वाचकाला यात थोडे स्वारस्य वाटावे असे कारण आहे. पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यात बनणारे आपल्या लष्कराचे नऊ मिलिमीटरचे पिस्तूल ही त्याच ब्राउनिंगची भारतीय आवृत्ती. तर २००८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत उतरलेल्या राष्ट्रीय सुरक्षा दलाच्या कमांडोंच्या शस्त्रसंभारात ग्लॉकचा समावेश आहे. जुने आणि नवे अशी दोन्ही शस्त्रे आपल्याकडेही नांदत आहेत.

या दोहोंतील अंतर मोठे आहे. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन संशोधकाने आरंभलेला आणि त्याच्या मृत्यूनंतर दियुदोने सेव या बेल्जियन तंत्रज्ञाने पूर्ण केलेला आराखडा १९३५ मधला. संपूर्ण पोलादी पिस्तूल, वजन सुमारे नऊशे ग्रॅम, मॅगझिनमध्ये तेरा गोळ्या. त्याच्या सुरक्षेची सारी भिस्त अंगठ्याने सरकवायच्या एका खटक्यावर. त्यामुळे नळीत गोळी भरून ते बाळगणे जोखमीचे मानले जाई आणि प्रसंग आला, की आधी वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे खेचून गोळी भरावी लागे. ग्लॉकचे रिकामे वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास, गोळ्या सतरा आणि गोळी भरलेल्या अवस्थेत ते बाळगता येते. जिथे अर्ध्या सेकंदाला किंमत असते, तिथे ही सुधारणा खरीखुरी आहे, याबद्दल वाद नाही.

वाद सुरू होतो तो पुढे. ब्राउनिंगपेक्षा ग्लॉक सरस, हे मान्य; पण पहिल्या ग्लॉकपेक्षा तिसरे, तिसऱ्यापेक्षा चौथे आणि चौथ्यापेक्षा पाचवे सरस आहे काय? मोबाइल फोनच्या बाबतीत आपण हा प्रश्न विचारणेही सोडून दिले आहे. आकडा वाढला म्हणजे वस्तू सुधारली, असे गृहीतच धरतो. शस्त्राच्या बाबतीत मात्र हे गृहीतक तपासून पाहावे लागते, कारण चुकीची किंमत पैशांत मोजली जात नाही. पहिल्या पाच पिढ्यांचा, म्हणजे १९८२ ते २०१७ या काळाचा विचार येथे करू.

गॅस्टन ग्लॉक हे शस्त्रांच्या व्यवसायातले नव्हतेच. व्हिएन्नाजवळच्या डॉइच-वाग्राम येथील त्यांच्या कारखान्यात पडद्यांच्या दांड्या, सैनिकांसाठी सुऱ्या आणि खंदक खणण्याची फावडी तयार होत. ऑस्ट्रियाच्या लष्कराला जुन्या वाल्थर पिस्तुलाच्या जागी नवे पिस्तूल हवे आहे असे कळल्यावर त्यांनी प्रस्थापित कारखानदारांच्या रांगेत आपलाही आराखडा नेऊन ठेवला आणि १९८२ मध्ये तोच स्वीकारला गेला. प्लॅस्टिकचा अनुभव त्यांच्या कामी आला. पिस्तुलाचा खालचा सांगाडा त्यांनी पॉलिमरचा केला. नळी आणि स्लाइड अर्थातच पोलादाची. या पिस्तुलावर विमानतळाच्या तपासणीतून निसटणारे 'प्लॅस्टिकचे पिस्तूल' असा शिक्का अमेरिकेत बसला होता. पण त्याच्या वजनातला बहुतांश वाटा पोलादाचाच असल्याने तो शिक्का निराधार होता.

त्यांची खरी कल्पकता चापात होती. ग्लॉकला बाहेरून सरकवायचा खटका नाही. चापाच्या मध्यभागी एक चिमुकला दुसरा चाप आहे. बोट नीट मधोमध पडले, तरच तो दबतो आणि मुख्य चाप मागे सरकतो. कडेला काही घासले किंवा अडकले तर सरकत नाही. आत आणखी दोन अडसर असतात. पिस्तूल हातातून पडले, तरी गोळीवर आघात करणारी पिन पुढे जाऊ नये, ही त्यांची जबाबदारी. चाप ओढताना हे तिन्ही अडसर क्रमाने दूर होतात आणि सोडताच पुन्हा आपापल्या जागी येतात. सारे पिस्तूल मिळून सुटे भाग अवघे चौतीस.

पुढील पिढ्यांनी या गाभ्याला फारसा हात लावला नाही. १९८८ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीत मुठीवर खवले आले, जेणेकरून घामेजल्या हातातून ती निसटू नये. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातील तिसऱ्या पिढीत नळीखाली दिवा बसवण्यासाठी खाच आली, मुठीच्या पुढच्या बाजूला बोटांसाठी खळगे आले आणि सांगाड्यात एक जादा पिन आली. दिव्याची सोय उपयुक्तच होती. अंधाऱ्या जिन्यात समोरच्याच्या हातात शस्त्र आहे की किल्ल्यांचा जुडगा, हे आधी दिसायला हवे. खळग्यांचे मात्र तसे नाही. ते ज्या मापाच्या बोटांसाठी घडवले, त्या मापाची बोटे प्रत्येकाची नसतात. लहान हाताच्या पोलिसाला ते खळगे नसते तर बरे, असे वाटू लागले. २०१७ च्या पाचव्या पिढीत कंपनीने ते मुकाट्याने काढून टाकले आणि जादा पिनही गेली. एका पिढीत 'सुधारणा' म्हणून मिरवलेली गोष्ट दुसऱ्या पिढीत काढून टाकणे हीदेखील सुधारणाच ठरली, यातली गंमत जाहिरातीत सांगितली जात नाही.

चौथ्या पिढीची कथा अधिक बोधप्रद आहे. २०१० मध्ये आलेल्या या पिढीत मुठीची मागची बाजू बदलण्याची सोय झाली, मॅगझिन सोडवण्याची कळ डावखुऱ्यांसाठी दुसऱ्या बाजूला लावता येऊ लागली. ही दोन्ही पावले योग्य होती. पोलीस दलांत स्त्रियांची संख्या वाढत असताना एकाच मापाची मूठ सर्वांच्या हाती देणे न्याय्य नव्हते. पण याच पिढीत गोळीचा धक्का झेलणारी जुनी एकेरी स्प्रिंग जाऊन दुहेरी स्प्रिंग आली. मोठ्या, जोरकस काडतुसांच्या पिस्तुलांना ती उपयोगी होती. नऊ मिलिमीटरच्या तुलनेने सौम्य काडतुसाला मात्र ती जड गेली. काही पिस्तुलांत स्लाइड पुरेशी मागे जाईना आणि रिकामी पुंगळी नीट बाहेर पडेना. पुंगळी अडकली, की पुढची गोळी येत नाही आणि पिस्तूल हातातला लोखंडाचा तुकडा होऊन बसते. कंपनीने स्प्रिंगच्या रचनेत फेरफार केले आणि २०११ मध्ये ग्राहकांना स्प्रिंग बदलून देण्याची योजना जाहीर केली. ब्रिटिश सैन्याने चौथी पिढी घेतली ती या दुरुस्तीनंतर. आधीच्या पिढीत बिनबोभाट चालणारी गोष्ट नव्या पिढीत बिघडली होती, हे विसरता येत नाही. २०१० मध्ये एखाद्या पोलीस खात्याने 'जुने तिसऱ्या पिढीचेच द्या' असा हट्ट धरला असता, तर त्याला मागासलेले म्हणणे चुकीचे ठरले असते.

मग सुधारणा नेमकी कुठे झाली? काही अंशी पिस्तुलाबाहेर. एप्रिल १९८६ मध्ये मायामीत झालेल्या चकमकीत अमेरिकेच्या एफबीआयचे दोन अधिकारी ठार आणि पाच जखमी झाले. एका हल्लेखोराला लागलेली नऊ मिलिमीटरची गोळी हृदयापर्यंत पोहोचण्याआधीच थांबली होती. त्यानंतर एफबीआयने अधिक ताकदीची काडतुसे स्वीकारली. त्यांचा धक्का मोठा आणि नेम साधणे अवघड. पुढे गोळीच्या घडणीतच इतकी प्रगती झाली, की नऊ मिलिमीटरची आधुनिक गोळी आवश्यक तेवढी खोल जाऊ लागली. २०१६ मध्ये एफबीआयने पुन्हा नऊ मिलिमीटरच्याच ग्लॉकची मागणी नोंदवली आणि त्या मागणीसाठी केलेल्या बदलांतूनच पुढे पाचवी पिढी आकाराला आली. म्हणजे तीस वर्षांच्या फेऱ्यानंतर नळीचे माप जिथल्या तिथे. बदलली ती गोळी.

दुसरा मुद्दा चापाच्या भाराचा. ग्लॉकचा नेहमीचा चाप ओढायला सुमारे अडीच किलोचा जोर लागतो. न्यूयॉर्क शहराचे पोलीस रिव्हॉल्व्हर सोडून नव्वदच्या दशकात पिस्तुलाकडे वळले, तेव्हा अनवधानाने गोळी सुटेल या भीतीने चाप जड करून घेण्यात आला : बारा पौंड, म्हणजे साधारण साडेपाच किलो. हेतू चांगला होता. पण किलोभरही वजन नसलेल्या वस्तूवर एका बोटाने साडेपाच किलोचा जोर लावला, की नळीचे तोंड हलतेच. ऑगस्ट २०१२ मध्ये एम्पायर स्टेट इमारतीसमोर एका मारेकऱ्याला टिपताना दोन पोलिसांनी सोळा गोळ्या झाडल्या. मारेकरी ठार झाला. पण पोलिसांच्या गोळ्यांनी आणि त्यांच्या उडालेल्या तुकड्यांनी नऊ पादचारीही जखमी झाले. गर्दीचा रस्ता, समोर रोखलेले शस्त्र आणि हाती असलेले काही क्षण. सारा दोष चापाला देणे अन्यायाचे होईल. तथापि जड चापाचा प्रश्न त्यानंतर जाहीरपणे चर्चिला गेला आणि २०२१ मध्ये या दलाने नव्या भरतीसाठी हलक्या चापाकडे वळण्यास सुरुवात केली. हलका चाप म्हणजे सुधारणा की जड चाप म्हणजे सुधारणा, याचे उत्तर कारखान्यात मिळत नाही. पोलिसाला वर्षाकाठी किती गोळ्या झाडण्याचा सराव दिला जातो, त्यावर ते ठरते.

नवेपणाच्या मोहाचे आणखी एक उदाहरण ग्लॉकच्या प्रतिस्पर्ध्याचे. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी लष्कराने ग्लॉकला डावलून सिग सॉअर कंपनीच्या पी ३२० या नव्या पिस्तुलाची लष्करी आवृत्ती निवडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नागरी बाजारातील पी ३२० विशिष्ट कोनात खाली पडल्यास गोळी सुटू शकते असे उघड झाले आणि कंपनीला ती पिस्तुले विनामूल्य सुधारून द्यावी लागली. तोवर ग्लॉकचा आराखडा पस्तीस वर्षांचा झाला होता.

म्हणून ग्लॉक निर्दोष ठरते असे नाही. त्याची एक उणीव पाचही पिढ्यांत तशीच राहिली. साफसफाईसाठी ते उघडायचे, तर आधी चाप ओढावा लागतो. मॅगझिन काढली, म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, अशा समजुतीत माणूस चाप ओढतो आणि नळीत राहिलेली एक गोळी सुटते. अशा अपघातांची कारणमीमांसा करताना 'मानवी चूक' म्हणून फाइल बंद होते. मुठीवरचे खवले तीनदा बदलायला ज्यांना सवड मिळाली, त्यांना याकडे पाहायला मिळू नये, हे खटकते.

त्याहून गंभीर बाब अमेरिकेतील शहरांनी न्यायालयात नेली. ग्लॉकचा चाप एकदा ओढला, की एकच गोळी सुटते. पण 'स्विच' नावाचे एक छोटे, बेकायदा उपकरण जोडले, की तेच पिस्तूल मशीनगनसारखे अखंड गोळ्या ओकू लागते. ही शक्यता कंपनीला दीर्घकाळ ठाऊक असूनही आराखडा बदलला गेला नाही, असा आरोप करीत शिकागो शहराने मार्च २०२४ मध्ये दावा दाखल केला. गॅस्टन ग्लॉक यांचे त्याआधी तीनच महिने, डिसेंबर २०२३ मध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी निधन झाले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी अशा सहज बदलता येणाऱ्या पिस्तुलांच्या विक्रीला आळा घालणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. त्याच महिन्यात कंपनीने आपली अनेक मॉडेल्स बंद करून अंतर्गत रचना बदललेली 'व्ही' मालिका आणत असल्याचे जाहीर केले. या मालिकेला पिढीचा नवा क्रमांक दिलेला नाही आणि बाहेरून पाहिले, तर ती आणि पाचवी पिढी यांत फरक चटकन ओळखू येत नाही.