गडावरच्या पाण्याचे गणित

तुम्ही एखाद्या डोंगरी किल्ल्यावर सहलीला गेला असाल, तर तेथे खडकात खोदलेली पाण्याची टाकी नक्कीच पाहिली असतील. बुरुज पडलेले, वाड्याचा फक्त चौथरा उरलेला. पण टाक्यात मात्र ऐन मार्चमध्येही पाणी! हे कसे साधले असेल? चला, नाशिक जिल्ह्यातल्या एका जुन्या राजधानीला भेट देऊन आपण हे कोडे सोडवू या.

ही राजधानी म्हणजे बागलाणातील मुल्हेर. मोसम नदीच्या खोऱ्यातील या गडाचे जुने नाव मयूरगिरी. येथे बागूल राजे राज्य करीत. त्यांच्यापैकी नारायण शहाच्या दरबारातील रुद्रकवीने १५९६ मध्ये या घराण्याचा इतिहास सांगणारे संस्कृत महाकाव्य रचले. सुरतेहून दख्खनेत येणारा व्यापारी मार्ग बागलाणातून जाई. मुल्हेरला महमुदी नावाची नाणी पाडली जात. १६३८ मध्ये दख्खनचा सुभेदार असलेल्या औरंगजेबाने हे राज्य जिंकले आणि राजधानीचे वैभव संपले. आज गडाच्या माचीवर देवळे, तलाव आणि राजवाड्याचे भग्न अवशेष दिसतात.

गडाला वेढा पडला की वाटा बंद होत. धान्य कोठारात साठवता येई. पण पाणी? नदी खाली खोऱ्यात, आणि तेथे शत्रूचा तळ! तोफगोळ्यांपेक्षाही रिकाम्या टाक्याची भीती मोठी असे.

आता जरा भूशास्त्राकडे वळू. सह्याद्रीचा हा प्रदेश सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून बाहेर पडलेल्या लाव्हारसाचा बनलेला आहे. एक थर थंड व्हायचा, त्यावर दुसरा पसरायचा. असे आडवे थर एकावर एक साचले. म्हणूनच आपल्या डोंगरांचे माथे बहुधा सपाट असतात. लाव्हा थंड होताना आकसतो व त्यात उभ्या भेगा पडतात. खालचा मऊ थर झिजला, की वरचा कठीण खडक या भेगांवर सुटून कोसळतो. त्यामुळे कडा उभाच्या उभा राहतो. निसर्गाने बांधलेला हा तटच म्हणा ना!

पण ज्या भेगांनी कडा दिला, त्याच भेगा पाण्याच्या वैरी. भेगाळ खडकात टाके खोदले तर पाणी झिरपून जाणार. म्हणून अखंड, भेगा नसलेला खडक पारखणे हे टाके खोदणाऱ्यांचे पहिले काम. शिवाय खोदताना निघालेला दगड बांधकामाला उपयोगी पडे.

दुसरा वैरी म्हणजे ऊन. येथे आपण एक गणित करू. समजा, एका गडावर २०० माणसे आहेत आणि प्रत्येकाला रोज ५ लिटर पाणी मिळते. म्हणजे रोजचा खर्च १,००० लिटर. टाके १० मीटर लांब, १० मीटर रुंद व ३ मीटर खोल आहे. त्यात ३०० घनमीटर, म्हणजे ३ लाख लिटर पाणी मावेल. वरवर पाहता ते ३०० दिवस पुरेल. पण बाष्पीभवनाने रोज ५ मिलिमीटर पाणी उडते असे धरा. टाक्याचा पृष्ठभाग १०० चौरस मीटर; म्हणजे रोज ५०० लिटर पाणी हवेत गेले! एकूण घट १,५०० लिटर. ३ लाख भागिले १,५०० म्हणजे २०० दिवस. १० ऑक्टोबरला पाऊस थांबला असेल, तर एप्रिल संपण्याआधीच टाके कोरडे!

आता तेवढेच पाणी १० मीटर लांब, ५ मीटर रुंद व ६ मीटर खोल टाक्यात साठवा. पृष्ठभाग निम्मा, म्हणून बाष्पीभवनही निम्मे, २५० लिटर. रोजची घट १,२५० लिटर, आणि पाणी पुरले २४० दिवस, म्हणजे ७ जूनपर्यंत. मृगाचा पाऊस दाराशी येतो तोच हा दिवस! पाणी तेवढेच, माणसे तेवढीच. फरक फक्त आकाराचा. म्हणूनच अनेक गडांवर टाकी खोल नेलेली दिसतात. काही ठिकाणी तर टाके कड्याच्या पोटात खोदून वर खडकाचेच छप्पर ठेवले आहे. ते तोलायला मधे खांबही सोडलेले आढळतात. सावली आणि वाऱ्याला अडसर असे दोन्ही फायदे त्यात साधतात.

हे तुम्ही घरी पडताळून पाहा. एका परातीत आणि एका उभ्या लोट्यात मापून एकेक लिटर पाणी घ्या. दोन्ही उन्हात शेजारी ठेवा. संध्याकाळी पुन्हा मापा. तिसरे भांडे, दुसऱ्या लोट्यासारखेच पण सावलीत ठेवलेले, घेतले तर आणखी चांगले. आकडे वहीत टिपून वर्गात चर्चा करा.

मुल्हेरचा शेजारी साल्हेर हा १,५६७ मीटर उंचीचा, महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला. १६७२ ची प्रसिद्ध लढाई त्याच्याच पायथ्याशी झाली. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत त्याचा समावेश आहे. मान मिळाला, तशी जबाबदारीही आली. आपल्या दुसऱ्या टाक्यात १ मीटर गाळ साचला, तर ५० घनमीटर पाणी कमी मावेल. गडावरच्या त्या २०० माणसांचे ४० दिवसांचे पाणी गेले! आज गडावर शिबंदी नाही. पण पाखरांना, गुराख्यांना आणि तुमच्याआमच्यासारख्या प्रवाशांना तेच पाणी लागते. त्यात भांडी धुऊ नका, प्लॅस्टिक टाकू नका. गाळ उपसायचा बेत असेल, तर पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्या. गाळात जुन्या वस्तू दडलेल्या असू शकतात.

आणि पुढच्या सहलीला जाताना मोजपट्टी बरोबर न्यायला विसरू नका. राजवाड्याची उंची आता मोजता येणार नाही, पण टाक्याचे तोंड नक्की मोजता येईल!