स्तनावरील त्वचेचा एक दुर्मिळ कर्करोग

स्तनावर गाठ दिसली की स्तनाच्या कर्करोगाची शंका प्रथम येते आणि ते योग्यही आहे. परंतु तेथील त्वचेला तिचे स्वतःचेही रोग होतात. ‘डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्यूबरन्स’ हा त्यांपैकी एक कर्करोग होय. दारिए व फेराँ या फ्रेंच डॉक्टरांनी १९२४ साली त्याचे वर्णन केले. अमेरिकेत दर दहा लाख लोकांमागे वर्षाला त्याचे सुमारे चार रुग्ण आढळतात. तो बहुधा धडावर होतो. स्तनावर मात्र क्वचितच.

नाव उच्चारण्यास अवघड असले तरी रोगाची चाल संथ असते आणि हा संथपणाच फसवा ठरतो. प्रारंभी तांबूस वा तपकिरी रंगाची टणक चकती दिसते. ती सहसा दुखत नाही. जुन्या जखमेचा वण समजून वर्षानुवर्षे तिच्याकडे दुर्लक्ष होते. पुढे तीवर गाठी उठू लागतात. सुईने काढलेल्या पेशींवरून निदान पक्के होतेच असे नाही. त्यासाठी त्वचेचा खोलवरचा तुकडा काढून तपासावा लागतो.

साधी गाठ समजून तेवढीच सोलून काढणे घातक ठरते. या रोगाच्या पेशी झाडाच्या मुळांप्रमाणे, वरून निरोगी दिसणाऱ्या त्वचेखाली दूरवर पसरलेल्या असतात. त्या मागे राहिल्या की रोग त्याच जागी उलटतो आणि पुढची शस्त्रक्रिया अधिक मोठी करावी लागते. म्हणून गाठीभोवतीची दोन ते तीन सेंटिमीटर त्वचा खालच्या मेदासह काढण्याची पद्धत आहे. अमेरिकन शल्यविशारद फ्रेडरिक मोझ यांच्या पद्धतीत एकेक थर काढून त्याच्या सर्व कडा तपासतात. त्यामुळे निरोगी त्वचा अधिक वाचते.

याउलट, कर्करोग म्हटल्याबरोबर संपूर्ण स्तन व काखेतील ग्रंथी काढण्याचेही सहसा कारण नसते. हा रोग दुग्धग्रंथींचा नव्हे आणि काखेत तो क्वचितच पोहोचतो. गाठ फार मोठी नसल्यास स्तन राखता येतो. मात्र कडा रोगमुक्त असल्याचा अहवाल येईपर्यंत शेजारची त्वचा सरकवून जखम बुजविण्याची घाई करू नये. शस्त्रक्रिया शक्यच नसेल अशा रुग्णांसाठी २००६ पासून अमेरिकेत इमॅटिनिब या औषधास मान्यता आहे.

रोग उलटलाच तर बहुधा पहिल्या तीन वर्षांत उलटतो. पण त्यानंतरही तो उद्भवू शकतो. म्हणून दर सहा ते बारा महिन्यांनी व्रणाची जागा बोटांनी चाचपून तपासून घ्यावी लागते. तपासणीचे अहवाल व मेणात जतन केलेले तुकडे, ज्यांना रुग्णालयात ‘ब्लॉक’ म्हणतात, रुग्णाने सांभाळून ठेवावेत. दुसऱ्या रुग्णालयात गेल्यास तेथील डॉक्टर प्रथम तेच मागतात.