नवरीच्या बुबुळात बघा

लग्नाचा फोटोग्राफर ठरवताना समोर चकचकीत अल्बम उघडला जातो आणि आपण शालूचा काठ बघण्यात रमतो. त्याऐवजी नवरीच्या बुबुळात बघा. फोटो मोबाइलवर असेल तर दोन बोटांनी मोठा करा. काळ्या बुबुळावर पांढरा ठिपका दिसेल. फोटोग्राफर त्याला कॅचलाइट म्हणतात. तो मोठा, चौकोनी असेल तर उजेड खिडकीतून किंवा सॉफ्टबॉक्समधून आलेला असतो. बाहुलीच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढाच असेल, तर बहुधा कॅमेऱ्यावरचा फ्लॅश थेट तोंडावर मारलाय.

आपल्या डोळ्याचा पारदर्शक पडदा म्हणजे जेमतेम आठ मिलिमीटर त्रिज्येचा बहिर्गोल आरसा. पण समोरची अख्खी खोली त्यात मावते! २०१३ साली ब्रिटनमधल्या रॉब जेन्किन्स आणि क्रिस्टी केर या संशोधकांनी ३९ मेगापिक्सेलच्या फोटोंमधल्या डोळ्यांतून समोर उभ्या असलेल्यांचे चेहरे वेगळे काढून दाखवले, आणि ते लोकांना ओळखताही आले. फोटोग्राफरने उजेड कुठे ठेवला होता, याचा पुरावा फोटोतच असतो तो असा.

आता अक्षतांचा फोटो दाखवायला सांगा. डोक्यावर येईपर्यंत तांदळाचा दाणा सेकंदाला साधारण चार मीटर वेगाने पडत असतो. शटर १/६० सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात तो सहा-सात सेंटिमीटर सरकतो आणि फोटोत दाण्याऐवजी रेघ उमटते. १/१००० सेकंदाला तोच दाणा चारच मिलिमीटर सरकतो, स्वतःच्या लांबीहूनही कमी. मात्र कॅमेऱ्यात उजेडही सोळा-सतरा पटींनी कमी शिरतो. अंधाऱ्या हॉलमध्ये ही तूट कशी भरून काढली, हे फोटोग्राफरला खुशाल विचारा. रेघा उमटल्या म्हणून फोटो बाद होत नाही, बरं का. चेहरे स्वच्छ आणि वरून रेघांचा पाऊस, हे मला तरी फार आवडतं. फक्त ते ठरवून केलेलं हवं.

अल्बममधले फोटो हजारोंतून निवडलेले असतात. म्हणून एकाच लग्नाचे सगळे फोटो मागा, तेही शक्यतो रात्रीच्या, रंगीत एलईडी लावलेल्या हॉलमधले. त्यात पंगतीतल्या आजींचा चेहरा जांभळा दिसतोय का, तेवढं बघा.

शेवटी एकच विचारा: अंतरपाट दूर झाला तेव्हा तुम्ही कुठे उभे होता? वधूवर समोरासमोर असतात. एकाचा चेहरा समोरून टिपायला गेलं की दुसऱ्याची पाठ येते. बाजूने दोघे दिसतात, पण अर्धेच. दोन्ही चेहरे समोरून हवे असतील तर दोन कॅमेरे लागतात, आणि क्षण दोन-तीन सेकंदांचा. त्यात मामा, गुरुजी आणि पाहुण्यांचे मोबाइल आडवे. ज्याने ही कसरत खरंच केलीय, तो लेन्सचं नाव सांगत बसत नाही. गुरुजींशी आधी काय बोलून ठेवलं होतं, तिथून सुरुवात करतो.