आवडीचा ठसा

२६ जुलै २००९. दहा लाख डॉलरच्या बक्षिसाची मुदत संपत आली होती. ‘बेलकोर्स प्रॅग्मॅटिक केऑस’ या संघाने अखेरचं उत्तर धाडलं. वीस मिनिटांनी ‘दि ऑन्साम्बल’ या प्रतिस्पर्धी संघाचंही उत्तर आलं आणि गुणफलकावर तो केसभर पुढे सरकला. जिंकलं कोण, हे अजून ठरायचं होतं.

प्रश्न ऐकायला साधा होता : अमुक प्रेक्षक अमुक चित्रपटाला पाचपैकी किती तारे देईल? नेटफ्लिक्स त्या काळी मुख्यतः टपालाने डीव्हीडी घरपोच पाठवत असे. ऑक्टोबर २००६मध्ये कंपनीने १७,७७० चित्रपटांना सुमारे ४ लाख ८० हजार ग्राहकांनी दिलेली १० कोटींहून अधिक मतं खुली केली. नावं काढून फक्त क्रमांक ठेवले. आमच्या ‘सिनेमॅच’ या शिफारशीच्या गणितापेक्षा १० टक्के कमी चुकणारं गणित आणा, एवढीच अट.

प्रत्येक चित्रपटाची सरासरी काढून सर्वांना तेच उत्तर दिलं, तर चूक भरे सुमारे १.०५ तारे. माणूस पाहून उत्तर देणारा सिनेमॅच ०.९५वर होता. गाठायचं होतं ०.८६च्या खाली.

पहिली वाट डिसेंबर २००६मध्ये उघडली. ‘सायमन फंक’ या टोपणनावाने खेळणाऱ्या एका स्पर्धकाने आपली रीत सर्वांसाठी खुली केली. प्रत्येक प्रेक्षकाला आणि प्रत्येक चित्रपटाला थोडे आकडे द्यायचे. त्यांवरून अंदाज बांधायचा. अंदाज चुकला की आकडे किंचित हलवायचे. हेच कोट्यवधी मतांवर पुन्हा पुन्हा. विनोदी चित्रपट कोणता आणि युद्धपट कोणता, हे यंत्राला कुणीच सांगितलं नव्हतं. तरी आवडीनिवडीचे सुप्त कल त्या आकड्यांत आपोआप उतरले.

दुसरा शोध येहुदा कोरेन यांच्या संघाचा. त्यांनी तारखांकडे लक्ष दिलं. एकाच खात्याचा हात एके दिवशी सैल असतो, दुसऱ्या दिवशी आखडता. कधी मूड वेगळा असतो, कधी घरातलं दुसरंच कुणी तारे देत असतं. म्हणजे सगळ्यांना एकच माप चालत नव्हतं, आणि एका माणसालाही रोज एकच माप पुरत नव्हतं. त्यांनी प्रत्येक दिवसाचा कल गणितात धरला आणि चूक आणखी घटली.

तरीही कोणतीही एक पद्धत १० टक्क्यांपर्यंत पोचेना. मग अमेरिका, ऑस्ट्रिया आणि कॅनडातले प्रतिस्पर्धी एकत्र आले आणि ‘बेलकोर्स प्रॅग्मॅटिक केऑस’ तयार झाला. त्यांची शेकडो गणितं वेगवेगळ्या ठिकाणी चुकत होती. म्हणूनच ती एकत्र केल्यावर एकाची चूक दुसऱ्याने सावरली.

राखून ठेवलेल्या मतांवर दोन्ही अंतिम उत्तरं तपासली गेली. दोघांची चूक चौथ्या दशांशापर्यंत सारखी निघाली : ०.८५६७. आधी पोचलेला संघ विजयी ठरला. बक्षिसाचा निकाल वीस मिनिटांच्या फरकाने लागला.

पण त्याच आकड्यांतून आणखी एक शोध लागला होता. टेक्सास विद्यापीठातले अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव्ह यांनी दाखवलं, की एखाद्याची आठ मतं आणि त्यांच्या तारखा दोन आठवड्यांच्या फरकाने ठाऊक असतील, तर त्यांतली दोन मतं चुकीची असूनही ९९ टक्के नोंदी नेमक्या हुडकता येतात. सर्वांनी पाहिलेल्या चित्रपटांवरून माणूस कळत नाही. मोजक्यांनी पाहिलेले चित्रपट मात्र त्याला बोटाच्या ठशासारखे उघडे पाडतात. आयएमडीबी या चित्रपटांच्या संकेतस्थळावर लोकांनी जाहीरपणे दिलेल्या मतांशी ताडून त्यांनी बिननावाच्या नोंदींमागची काही माणसं ओळखून दाखवली. पुढे नेटफ्लिक्सवर खटला झाला आणि मार्च २०१०मध्ये ठरलेली दुसरी स्पर्धा रद्द झाली.

आवड ओळखण्याचा आणि माणूस ओळखण्याचा, हे दोन्ही शोध मुळात एकच आहेत. ज्या वेगळेपणामुळे तुमच्यासाठी नेमकी शिफारस करता येते, त्याच वेगळेपणामुळे गर्दीतून तुम्हाला हुडकता येतं. नेमकी शिफारस हवीच; ती सरासरीपेक्षा खरोखर उपयोगी असते. मात्र ‘नाव काढून टाकलंय, काळजी नको’ असं कुणी म्हणालं, तर त्यावर विसंबू नका. कोणत्या नोंदी ठेवता, किती काळ ठेवता आणि कुणाला देता, हे विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.